जेन्ट्सच्या वहीतला सोनू

शहापुरात सव्वीस वर्षं शिलाईचं दुकान चालवून मी एकच शर्ट असा शिवला, ज्याची बटणं चुकीच्या बाजूला लागली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरुषांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, बायकांच्या शर्टाची डाव्या. असं का, ते माझ्या उस्तादाने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला हा फरक जन्मात कळायचा नाही. तो कळतो फक्त शिंप्याला. माझं नशीब असं, की तो शर्ट ज्याच्यासाठी शिवला तो शिंप्याचाच मुलगा होता, आणि नववीपासून दुकानातली काजं-बटणं तोच करत होता.

आपल्या गोष्टी लिहायला बसलं की लहानपणापासून मोठं होईपर्यंतचं लिहायचं असतं म्हणतात. माझं लहानपण मी मागच्या प्रकरणात मिशी फुटल्यावर संपवलं होतं. पण नीट आठवून पाहिलं तर मिशीचा आणि मोठं होण्याचा फारसा संबंध नव्हता. मी मोठा झालो सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका हिवाळ्यात, आणि तेही मुलाच्या मागे मागे, धापा टाकत. म्हणून हे प्रकरण.

आमचं दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे माझं पायमशीन, पलीकडे बायकोची परात. सुमनचं माहेर मुरबाडकडे, सरळगावच्या पुढे. तिकडची माणसं बोलताना आडवळण घेत नाहीत, आणि सुमन तर त्यांच्यातही सरळ म्हणून प्रसिद्ध. ती तांदळाची भाकरी थापायला लागली की पडद्याआडून थपथप यायची, आणि माझा पाय नकळत त्याच ठेक्यात पायडल मारायचा. तव्यावर सुका जवळा पडला की दुकानातल्या गिऱ्हाइकाचं मापात लक्ष राहायचं नाही. पोट आत ओढून उभा असलेला माणूस वास घेता घेता पोट सोडून द्यायचा, आणि मला खरं माप मिळायचं. माझ्या कितीतरी पॅण्टी नीट बसल्या त्या सुमनच्या जवळ्यामुळे, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

दुकानात मापाच्या दोन वह्या. लेडीजची गुलाबी पुठ्ठ्याची, जेन्ट्सची निळी. प्रत्येक ओळीत नाव, मापं, फोन, आणि शेवटी डिलिव्हरी कधी. पेपर मी वाचत नाही, मोबाइलवर आलेलं लांबलचक काही वाचत नाही, पण या दोन वह्या रोज सकाळी उदबत्ती लावून वाचतो. घरच्या माणसांची मापं मात्र कुठल्याच वहीत नव्हती. सुमनचे ब्लाउज मी अंदाजाने बेतायचो. ती म्हणायची, "अवो, टेप तरी लावा." मी म्हणायचो, "घरच्या माणसाचं माप नजरेत असतं." तिचा प्रत्येक ब्लाउज दंडात घट्ट आणि पाठीत ढिला व्हायचा, आणि मी दरवेळी सांगायचो, की धुतल्यावर बसेल.

सोनू आमचं एकुलतं एक. जन्मला तेव्हा सुईणीपासून शाळेपर्यंत सगळ्यांनी मुलगी म्हणून लिहिलं, आम्हीही तसंच मानलं. शाळेच्या दाखल्यावर जे नाव होतं ते मी इथे लिहीत नाही. त्याने लिहू नका म्हणून सांगितलंय, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्याला कधी बसलंच नव्हतं. घरात सोनू, आणि सोनू हे नाव कुणालाही चालतं. आवणीच्या दिवसांत माझ्या भावाच्या शेतावर गेलो की बायका ओळीने वाकून रोपं लावायच्या आणि पुरुष पुढे चिखलणी करायचे. सोनू पाच वर्षांचा असल्यापासून चिखलणीकडे. आम्ही हसायचो. भाऊ म्हणायचा, "हिला नांगराचा नाद हाय." सगळं डोळ्यांसमोर होतं. फक्त टेप लावायची राहिली होती.

तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, दिवाळीचा फराळ संपत आला होता तेव्हा, त्याने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. फार लांबण लावली नाही. "मी मुलगी नाय. मी मुलगा आहे. लहानपणापासनं आहे. मला असं राहवत नाय आता." माझ्या हातात चकली होती. ती मोडावी की खावी ते कळेना, म्हणून मी ती परत डब्यात ठेवली. मग दुकानात जाऊन कुणाच्या तरी पॅण्टीला पिको करत बसलो. पॅण्टीला पिको करत नाहीत.

त्यानंतर मी जे केलं त्याला मी त्या वेळी जबाबदार बाप म्हणायचो. चार लोकांत आडून आडून चौकशी केली आणि दूरच्या एका गावातल्या डॉक्टरकडे सोनूला घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाच मिनिटं माझ्याशी बोलले. वयाचा परिणाम आहे, स्थळ बघा, लग्न लावून द्या, वर्षात सगळं विसरायला होईल. वर झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मला इतकं हलकं वाटलं की येताना मी भजी घेतली. सोनूने त्यांना हात लावला नाही. मोटरसायकलवर माझ्या पाठीमागून तो एवढंच म्हणाला, "बाबा, परत मला असल्या डॉक्टरकडं नेलंत ना, तर मी घरी राहणार नाय. खरंच सांगतोय."

मला ते रागाने बोललेलं वाटलं. चार दिवसांनी सुमनने मला हाक मारून भाताच्या कणगीमागे नेलं. तिथे त्याची कॉलेजची सॅक होती. वह्या काढून टाकलेल्या आणि आत दोन पॅण्टी, टॉवेल, आधार कार्ड, दात घासायचा ब्रश. सुमनने सॅक होती तशी ठेवली. "बगा," ती म्हणाली, "पोर कवाही जाईल. तुमी स्थळं बगत बसा."

त्या महिन्यात घर कसंबसं चाललं. सोनू कॉलेजला जाईना. ताट वाढलं की अर्धी भाकरी मोडून उठायचा. काजं-बटणं करायला यायचा, पण माझ्याकडे पाठ करून बसायचा. लगनसराई तोंडावर, दुकानात ब्लाउजांचे ढीग, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना कुणी बोलत नव्हतं. रोज सकाळी मी उदबत्ती लावायच्या आधी कणगीमागे डोकावून सॅक आहे ना ते बघायचो. सॅक दिसली की मगच वही उघडायचो.

अशाच एका सकाळी निळी वही वाचताना एका ओळीवर अडलो. मागच्या उन्हाळ्यातलं पान. नाव सोनू. कॉलर साडेतेरा, शोल्डर सोळा, छाती, लांबी, बाही, सगळं नीट जेन्ट्स शर्टाच्या क्रमाने. खाली मोबाइल नंबर. डिलिव्हरीच्या जागी दोन शब्द, "घाई नाही". सोनू नावाची गिऱ्हाइकं मला कमी नाहीत. किन्हवलीचा एक सोनू आहे, वाशिंदचे दोन. पण आठ महिने शर्ट पडून राहिला आणि मी विसरलो, याची मला शरम वाटली. कपाटात शोधलं तर कापडही सापडेना. म्हणून मी फोन लावला.

एका बाईंनी उचलला. मी म्हणालो, "शहापूरहून टेलर बोलतोय. सोनूने आमच्याकडे शर्ट शिवायला टाकला होता, त्याचं कापड आमच्याकडून हरवलेलं दिसतंय, माफ करा, डिलिव्हरी कधी पाहिजे?" बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, मी शर्ट शिवायला टाकलेला नाही. हा समुपदेशनाचा नंबर आहे. स्वतःच्या मुलगा-मुलगी असण्याबद्दल ज्यांना बोलायचं असतं ती मुलं आणि त्यांचे पालक इथे फोन करतात. दर दुसऱ्या शनिवारी मी मुरबाडला येते." मी विचारलं, हा सोनू तुमच्याकडे आला होता का. त्या म्हणाल्या, "कोण येतं, कोण नाही, ते मी कुणालाच सांगत नाही. तुम्हाला काही बोलायचंय का?"

मी फोन ठेवला आणि ओळीकडे परत पाहिलं. साताच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ. आमच्या घरात सातला रेघ एकच माणूस मारतो. त्याने आरशासमोर उभं राहून स्वतःच स्वतःचं माप घेतलं होतं, आणि बापाला जे एकच पुस्तक वाचता येतं त्यात लिहून ठेवलं होतं. आता लिहिताना सोपं वाटतं, पण त्या सकाळी मला शोल्डर हा शब्द वाचताना दोनदा चष्मा पुसावा लागला. मी उन्हाळ्यात ती वही रोज वाचली असणार. गिऱ्हाईक घरचं होतं, म्हणून नजरेखालून निघून गेलं.

मी सुमनला वही दाखवली. तिने ओळ वाचली, भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग? बाईंचा शनिवार कंचा?"

सोनू काजं करत बसला होता, पाठ करून. मी वही त्याच्यापुढे धरली. इतक्या दिवसांनी काय बोलावं ते कळेना, म्हणून शिंपी जे बोलतो तेच बोललो. "हा शर्ट शिवायला घेऊ का?"

त्याने वही हातात घेतली आणि म्हणाला, "कापड कुठलं?"

"तू सांग."

"फिकट निळं. बारीक रेघांचं." आणि मग, "त्या नंबरवर फोन केलात तुमी?"

"केला. म्हटलं, शर्ट कधी नेणार."

त्याच्या खांद्यांची हालचाल पाठीमागून दिसली. हसू होतं की काय ते मला त्या दिवशी नक्की सांगता आलं नसतं. "त्या शनिवारी तुमी यायचं असेल तर या," तो म्हणाला. "पण त्यांच्याशी पयला मी बोलणार. आणि तिथं ते डॉक्टरसारखं काय निघालं, तर सॅक भरलेली आहे."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"मला माहीत आहे की तुमाला माहीत आहे. रोज बघून जाता."

शर्ट मी सगळा एकट्याने शिवला. कापणं, कॉलर, कफ, काजंसुद्धा. त्याला हात लावू दिला नाही, अचानक द्यायचा म्हणून. मनात घोकत होतो, की आपल्या मुलाचा शर्ट, आपल्या मुलाचा शर्ट. पण एकोणीस वर्षं हाताने जिच्यासाठी फ्रॉक शिवले तिचाच शर्ट हात शिवत होता. शुक्रवारी संध्याकाळी दिला. सोनू आत जाऊन घालून आला, खांदे मागे घेऊन उभा राहिला. शोल्डर अगदी बरोबर. सुमन म्हणाली, "झ्याक." सोनूने बटणांवरून एकदा बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्या हाच घालतो." मी अंगठा दाखवला. सव्वीस वर्षांचा कारागीर, समोर दिवा लागलेला, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

मुरबाडला त्या बाई बसायच्या ती खोली भाताच्या गिरणीच्या वर होती. एका संस्थेने ती शनिवारपुरती मिळवलेली. खाली गिरणी सुरू झाली की वर खिडकीची तावदानं थरथरायची, टेबलावरचं पाणी गोल गोल हलायचं आणि बाई बोलणं थांबवून दोन्ही हात मांडीवर ठेवून हसत बसायच्या. गिरणी थांबली की पुढचं वाक्य. मला वाटलं होतं पांढरा कोट, भिंतीवर मेंदूचं चित्र. इथे सुमनच्या वयाच्या बाई, खादीचा कुर्ता, आणि बिस्किटाचा पुडा.

त्यांनी पहिल्यांदा सोनूकडे पाहिलं. "तुला काय म्हणू?"

"घरी सोनू," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "पण नाव सुजय."

बारशाला मुलाचं नाव घरची माणसं त्याच्या कानात सांगतात. आमच्याकडे उलटं झालं. मी ते एका परक्या खोलीत, गिरणीच्या वर, बाहेर जाता जाता ऐकलं, कारण बाईंनी मला तासभर खाली थांबायला सांगितलं होतं.

तो तास मी जिन्यावर बसून काढला. शेजारच्या झरोक्यातून कोंडा उडत होता. वर काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, आणि मी सोनूच्या सॅकचाच विचार करत होतो. बाईंनी त्याला दुखावलं, समजावणीच्या नावाखाली लग्नाचं काढलं, तर उद्या सकाळी कणगीमागे सॅक दिसणार नाही. जिन्यावर पाय वाजला की मी उठून उभा राहायचो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा बाईंनीच हाक मारली. मी आत गेलो आणि सोनू माझ्याकडे बघून जोरात हसला. माझं डोकं, भुवया, मिशी, सगळं कोंड्याने पिवळसर पांढरं झालं होतं. तीन महिन्यांनी माझा मुलगा हसला तो माझ्या तोंडाला. मी झटकलं नाही. म्हटलं, राहू दे तसंच.

बाईंना मी तयारीने आणलेला प्रश्न विचारला. "मॅडम, याला बरं व्हायला किती दिवस लागतील?"

"तो आजारी नाही, दादा," त्या म्हणाल्या. "मुलगा असणं हा आजार नाही. त्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, घर सोडावंसं वाटतं, त्यावर आपण काम करू. पुढे कपडे, नाव, डॉक्टर, कागदपत्रं, काय करायचं आणि कधी, ते तो ठरवेल. मी सोबत असेन. तुम्ही असाल का, ते तुम्ही ठरवा. घाई नाही."

घाई नाही. हेच दोन शब्द आठ महिने माझ्या वहीत पडून होते.

"मी आहे," मी म्हणालो.

मग बाईंनी सोनूला विचारलं, बाबांना काही सांगायचंय का. त्याने तोंड उघडलं आणि खाली गिरणी सुरू झाली. आम्ही तिघंही थांबलो. पाणी हलत राहिलं. बाईंनी मला बिस्कीट दिलं. मला वाटलं, आता हा सांगणार, त्या डॉक्टरबद्दल, भज्यांबद्दल, चकलीबद्दल, सगळ्या एकोणीस वर्षांबद्दल. मी बिस्कीट हातात धरून तयारीत बसलो. गिरणी थांबली.

"बाबा," सोनू म्हणाला, "बटणं लेडीजची लावलीत तुमी."

मी पाहिलं. त्याच्या डावीकडे. सातही.

"तुला कधी कळलं?"

"काल. घातला तेव्हाच."

"मग घातलास कशाला?"

त्याने खांदे उडवले. "तुमी शिवलाय ना."

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मी तेच बिस्कीट खाल्लं, कारण तोंडाला काहीतरी काम हवं होतं. मग आम्ही दोघं एकाच वेळी हसायला लागलो आणि बाईही वळल्या. त्यांना तो बटणांचा फरक ठाऊक नव्हता. सोनूने स्वतःचा शर्ट आणि माझा शर्ट शेजारी शेजारी धरून त्यांना नीट समजावून सांगितला.

शिवण उसवता येते, कापलेलं काज बुजवता येत नाही. त्यामुळे शर्टाच्या पुढच्या दोन्ही बाजू नव्याने कापाव्या लागल्या. येताना वाटेतच थांबून तेच फिकट निळं कापड आणखी घेतलं, आणि रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं बसलो. मी कापलं, त्याने खडूने काजांच्या खुणा केल्या. दरवेळी खूण करून माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचो. काजं त्यानेच केली. मी निळी वही काढली, सोनूच्या पुढे सुजय लिहिलं, आणि डिलिव्हरीच्या जागी "आज".

हे प्रकरण लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं. आता तो वाशिंदला नोकरीला असतो, रविवारी येतो, आणि बाईंकडे अजून अधूनमधून जातो. त्याने दोन दुरुस्त्या सुचवल्या. कॉलर साडेतेरा नव्हे, चौदा होती, असं त्याचं म्हणणं. मी वही दाखवली, साडेतेराच निघाली. दुसरी, की मला कोंड्यात माखलेला बघून तो जोरात हसला नव्हता. ती मी मान्य केलेली नाही.

शर्ट पुरा झाला त्या रविवारी दुपारी सुमनने वालाचं बिरडं केलं होतं. सोनू नवा शर्ट घालूनच जेवायला बसला, बाह्या वर दुमडून. चार भाकऱ्या खाल्ल्या, पाचवी मागितली. जेवण झाल्यावर उठला, कणगीमागे गेला, सॅक आणून पलंगावर उपडी केली आणि म्हणाला, "आई, ही धुवायला टाकू का? उद्या कॉलेज आहे." थोड्या वेळाने ती अंगणातल्या दोरीवर पाणी ठिबकत लटकत होती. मी ओट्यावर बसून तिच्याकडे बघत होतो, आणि शर्ट कसा बसलाय ते सुमनने कौतुकाने सांगावं म्हणून मुद्दाम घसा खाकरत होतो.

सुमन हात पुसत बाहेर आली. दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन माझी टेप घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"आता माझं माप घ्या," ती म्हणाली. "आनि टेप लावायच्या आधी इचारा, कुठं घट्ट होतंय."